खिडक्यांची सेवाज्येष्ठता

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. माझा प्रोग्राम एकदाही बंद पडला नाही. जे काही झालं ते तो उत्तम चालू असताना झालं. हे वाक्य घरात म्हणायची सोय राहिलेली नाही, म्हणून इथे लिहितो.

संगणकाच्या पडद्यावर आपण एकेक काम काढलं की प्रत्येकाची एक चौकट उघडते, तिला खिडकी म्हणतात. कोणती खिडकी कुठे असावी, केवढी असावी, कुणाच्या डोक्यावर बसावी, हे ठरवणारा एक वेगळा प्रोग्राम असतो. तो आपल्याला दिसत नाही. घर चालवणाऱ्या माणसासारखा तो बिघडल्यावरच लक्षात येतो. (खिडकी म्हटल्यावर सुतार, पडदे आणि डास यांच्यावरून जे विनोद सुचतात ते आमच्या ऑफिसात सगळे होऊन गेले आहेत. वाचकांनी नव्याने कष्ट घेऊ नयेत.)

मी वजनमापे कार्यालयात आहे. दुकानांतले तराजू खरे की खोटे ते बघतो. एकदा एका तक्रारीला मी उत्तर लिहिलं, ते अकरा खिडक्यांखाली गडप झालं, म्हणून पुन्हा लिहिलं, आणि दोन्ही गेली. पहिल्या उत्तरात तराजू निर्दोष होता, दुसऱ्यात जप्त. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "तुमच्यात किती जण काम करतात?"

त्या दिवशी मी ठरवलं की खिडक्यांचा कारभार स्वतःच्या हातात घ्यायचा. एकही खिडकी दुसरीला झाकणार नाही असा व्यवस्थापक घरच्या संगणकासाठी आपणच लिहायचा.

शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "सर, तसलं तयार मिळतं."

तयार मिळतं म्हणून माणसं थांबली असती तर कविता केव्हाच बंद झाल्या असत्या. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

त्यासाठी मी जी भाषा निवडली ती स्मृतीच्या बाबतीत अत्यंत सुरक्षित म्हणून ओळखली जाते. जुन्या भाषांमध्ये प्रोग्राम संगणकाच्या स्मृतीत वाटेल तिथे हात घाली, दुसऱ्याच्या जागेत आपलं लिहून ठेवी, आणि मग सगळं धाडकन कोसळे. या भाषेत प्रत्येक वस्तूला मालक एकच. वस्तू उसनी देता येते, पण कुणी उसनी नेलेली असेपर्यंत मालकानेही तिच्यात फेरफार करायचा नाही. हे पाळलंय की नाही ते कंपायलर नावाचा तपासनीस आधी बघतो, आणि त्याचं समाधान होईपर्यंत प्रोग्राम तयारच होऊ देत नाही. आमची शिडी चार वर्षं समोरच्या बिऱ्हाडात असल्याने हा नियम मला पहिल्याच वाचनात कळला.

कळला म्हणजे पाळता आला असं नाही. पहिल्या संध्याकाळी कंपायलरने त्रेचाळीस चुका काढल्या. भाषा मात्र सभ्य. "तुम्हाला असं म्हणायचं होतं का?" असं विचारून तो बरोबर उत्तरही सांगतो. इतक्या सभ्यपणे इतक्या वेळा चूक दाखवणारी आणखी एकच व्यक्ती मला माहीत आहे, आणि त्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्या आमच्याकडेच असतात आणि रोज सकाळी तासभर संगणकावर एकट्याने पत्ते खेळतात.

"तुम्ही हे ऑफिसला विचारून करताय ना?" त्यांनी एकदा विचारलं.

घरच्या संगणकावर, घरच्या वेळात करायच्या कामाला ऑफिसला काय विचारायचं? पण शंका सासूबाईंची असली की ती कलमासारखी चिकटते. मी हेडक्लार्कला विचारलं. विचारलंत म्हणजे आता परवानगी लागणारच, असं सांगून त्यांनी तीन प्रतींत अर्ज घेतला. सात आठवड्यांनी परवानगी आली : "सदर प्रोग्राम कार्यालयातील कोणत्याही संगणकावर वापरण्यात येऊ नये या अटीवर." माझ्या कौशल्याचा अचूक अंदाज कुणाला आला असेल तर तो या खात्याला.

तीन महिन्यांत माझा व्यवस्थापक उभा राहिला. चार खिडक्या उघडल्या की चार सारखे चौकोन. मी तो कुणाला तरी दाखवायच्या बेतात असतानाच समोरचे यादीकाका ड्रिल मशीन मागायला आले.

यादीकाका हे शिडीवाले. एका मोठ्या कार्यालयाच्या आस्थापना शाखेत त्यांनी चौतीस वर्षं एकच काम केलं : कर्मचाऱ्यांच्या सेवाज्येष्ठतेच्या याद्या. कोण कुणाच्या आधी लागला, कुणाची बढती कुणाच्या आधी, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे, आणि त्यातली निम्मी माणसं आता हयात नाहीत.

पडदा बघून ते म्हणाले, "हे बरोबर नाही."

"काय बरोबर नाही?"

"सगळे सारखे? सकाळी आठला आलेला आणि आत्ता दारातून आत शिरलेला, दोघांना एकाच मापाची खुर्ची? अरे, ऑफिस आहे की धर्मशाळा?"

"काका, खिडक्या आहेत त्या."

"म्हणून काय झालं! जो आधी आला तो ज्येष्ठ. त्याला अर्धा पडदा. उरलेल्यातला अर्धा दुसऱ्याला. त्याच्या उरलेल्यातला अर्धा तिसऱ्याला. सोपं आहे."

"आणि आठव्याला?"

"आठव्याने वाट बघावी," काका म्हणाले. "मी नऊ वर्षं बघितली."

आता माणसाने इथे थांबायला हवं होतं हे मला मान्य आहे. पण तीन महिने घरातलं एकही माणूस माझ्या कामाविषयी सलग दोन वाक्यं बोललं नव्हतं. काका रोज येऊ लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुचवलं की कायम झालेल्या खिडकीला असं एका टिचकीत काढता येत नाही. आधी 'कारणे दाखवा' काढावी लागते. म्हणून खिडकी बंद करायला गेलं की एक छोटी पेटी उघडेल, तीत 'खरंच बंद करायची का?' असा प्रश्न असेल, आणि माऊस नेऊन 'होय'वर टिचकी मारल्याशिवाय काही होणार नाही. "नुसतं एन्टर दाबून नको. घाईत केलेली सही कोर्टात टिकत नाही."

मी सगळं घातलं. कंपायलरने अवाक्षर काढलं नाही. स्मृतीला काही धोका नव्हता. शहाणपणाला होता, पण ते त्याच्या अखत्यारीत येत नाही.

शेवटी मी विचारलं, "काका, निवृत्तीचं कलम घालू का? ठराविक वेळ झाली की खिडकी आपोआप बंद?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "ते नको," म्हणाले. "कशाला उगाच." आणि त्या दिवशी काही न मागताच घरी गेले.

संगणकाबरोबर आलेला जुना व्यवस्थापक मी काढून टाकला. ठेवला असता तर मोह झाला असता.

इकडे बायकोचं वेगळंच चाललं होतं. ती सार्वजनिक ग्रंथालयात चौदा वर्षं उपग्रंथपाल आहे. मुख्य ग्रंथपालाची जागा या काळात तीनदा रिकामी झाली आणि तिन्ही वेळा ज्येष्ठतेने दुसऱ्याला गेली. पहिले गृहस्थ दुपारी झोपत. दुसरे सकाळीही झोपत. तिसऱ्यांना वाचनाची ॲलर्जी होती, पण ते बायकोपेक्षा अकरा दिवस आधी लागले होते. ते गेले तेव्हा मंडळाने प्रथमच ठरवलं की ही जागा मुलाखतीने भरायची, जो चांगला त्याला. बायकोने चाळीस पानं नोंदी काढल्या. स्वयंपाक करताना ती ओट्याला उत्तरं देऊ लागली.

मुलाखत गुरुवारी अकरा वाजता, घरूनच, संगणकावर. सूचनापत्र दोन पानी होतं. कॅमेरा असलेला संगणक हवा. मोबाइलवरून दिलेली मुलाखत ग्राह्य धरली जाणार नाही. संगणकाची नोंदणी आठ दिवस आधी करावी, नंतर तो बदलता येणार नाही. लिंक एकदाच उघडेल. दहा मिनिटं आधी हजर राहावं. मुलाखत पंधरा मिनिटांची.

"आपला संगणक नोंदवलाय मी," बायको म्हणाली. "तो धड आहे ना? तुमचं काय काय चाललेलं असतं त्याच्यावर."

"यापेक्षा सुरक्षित संगणक या रस्त्यावर सापडणार नाही," मी म्हणालो. हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या आजही खरं आहे.

गुरुवारी मी रजा टाकली. आठ वाजता संगणक सुरू केला. सुरू होताच घड्याळाची खिडकी आपोआप उघडते, तेव्हा घड्याळ सर्वांत ज्येष्ठ. मग माझी प्रोग्राम लिहायची खिडकी. मग सासूबाईंचे पत्ते. त्यांनी डाव अर्धा टाकून हवामान उघडलं. साडेनऊला बायकोने तिच्या नोंदी उघडल्या, पाठोपाठ सूचनापत्र. दहा पन्नासला तिने लिंकवर टिचकी मारली.

"कुठेय?" ती म्हणाली.

"काय?"

"मुलाखत."

मी वाकून बघितलं. अर्ध्या पडद्यावर घड्याळ होतं. भव्य, प्रसन्न, सेकंदकाट्यासकट. मुलाखत ज्येष्ठतेत सातवी. ती उजव्या कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढी उघडली होती. त्या तिकिटावर कसलीतरी अक्षरं होती. मी कपाटातून भिंग आणलं. 'कॅमेरा वापरण्यास परवानगी द्या' असं लिहिलं होतं. आणि ती परवानगी द्यायची पेटी आठवी होती. म्हणजे ती वाट बघत होती.

"घड्याळ बंद करा," बायको म्हणाली.

मी घड्याळावरच्या फुलीवर टिचकी मारली. काही झालं नाही. म्हणजे झालं, 'कारणे दाखवा' पेटी उघडली, पण ती नववी. न दिसणाऱ्या पेटीतल्या न दिसणाऱ्या 'होय'वर मला टिचकी मारायची होती.

"मग दुसरी कुठली तरी बंद करा!"

मी पत्ते बंद करायला गेलो. दहावी पेटी रांगेत उभी राहिली.

त्याच वेळी यादीकाका शुभेच्छा द्यायला इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि पडदा बघून समाधानाने म्हणाले, "वा! अगदी नियमानुसार."

बायको खुर्चीत मागे टेकली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे विचारलं, "यात आधी आलेले जातात कधी?"

"जात नाहीत," मी म्हणालो.

"कधीच?"

"ज्येष्ठता आहे ती. म्हणजे, काकांनी असं—"

"चौदा वर्षं मी ऑफिसात हेच बघते," ती म्हणाली. "तुम्ही तेच घरी बांधलंत. सुट्टीच्या दिवशी. आवडीने."

अर्ध्या पडद्यावरचा सेकंदकाटा सगळ्यांना स्पष्ट दिसत होता. दहा त्रेपन्न.

"निवृत्त करा यांना," ती म्हणाली.

"वहिनी, असं एकदम..." काका पुढे आले.

"काका, तुमच्या याद्यांत दुसऱ्या नंबरावर जे असत, त्यांचं पुढे काय व्हायचं?"

चौतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा; ज्यांना विचारायचा होता ते सगळे दुसऱ्या नंबरावरचेच असणार. मग ते माझ्या शेजारी स्टुलावर बसले आणि अगदी ऑफिसच्या आवाजात म्हणाले, "लिही. वयोमर्यादा अर्धा तास. अर्ध्या तासापेक्षा जुना तो घरी. अपवाद नाही आणि मुदतवाढ नाही. एकदा मुदतवाढ दिली की संपलं, मग कुणी जात नाही."

मी लिहिलं. सुदैवाने माझी खिडकी ज्येष्ठतेत दुसरी होती. कंपायलरला दिलं. तो म्हणाला, सभ्यपणे : यादी तुम्ही वाचायला उसनी दिलेली आहे, ती परत येण्यापूर्वी तिच्यातलं काही काढता येणार नाही.

"म्हणजे काय?" बायको.

"यादी वाचता वाचता मी यादीतलाच माणूस काढतोय, ते त्याला चालत नाही."

"बरोबर बोलतोय तो," काका म्हणाले. कंपायलरविषयी त्यांना एकदम आदर वाटू लागलेला दिसला. "यादी टेबलावर उघडी असताना कुणाला कमी करायचं नसतं. आधी वेगळ्या कागदावर नावं उतरवून घे. यादी मिट. मग एकेकाला काढ."

तीन महिन्यांत मला जमलं नव्हतं ते काकांनी एका वाक्यात सांगितलं. माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राची मला त्या क्षणी कीव आली. मी नावं उतरवून घेतली, यादी मिटली. कंपायलर गप्प झाला आणि कामाला लागला. तो कामाला लागला की पाच मिनिटं घेतो. सुरक्षिततेला वेळ लागतो. ती पाच मिनिटं आम्ही तिघं घड्याळाकडे बघत बसलो. दुसरं बघण्यासारखं पडद्यावर काही नव्हतंच.

दहा एकोणसाठला नवा व्यवस्थापक रुजू झाला आणि पडद्यावरून घड्याळ गेलं, पत्ते गेले, हवामान गेलं, माझी लिहायची खिडकी गेली.

"माझ्या नोंदी!" बायको किंचाळली.

"त्या साडेनऊच्या होत्या," काका खाली मान घालून म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा."

पण मुलाखतीची खिडकी आता पूर्ण पडदाभर होती. बायकोने कॅमेऱ्याला परवानगी दिली, केस सारखे केले, आणि मी टेबलाच्या बाजूला जमिनीवर बसलो. काका स्टुलावरून उठायला घाबरत होते, कारण ते करकरतं.

समिती चार मिनिटं उशिरा आली. तिघं होते : मंडळाचे अध्यक्ष, एक निवृत्त प्राध्यापिका, आणि एक मान डोलावणारे गृहस्थ. प्राध्यापिकाबाईंनी विचारलं, "ग्रंथालयात आल्यावर पहिला बदल कोणता कराल?"

नोंदी नव्हत्या. बायको म्हणाली, "काचेच्या कपाटांना कुलपं आहेत, ती काढीन. चांगली पुस्तकं सगळी त्यांत आहेत, आणि किल्ली मुख्य ग्रंथपालांकडे. चौदा वर्षांत ती तिघांच्या खिशात होती. त्यांच्यापैकी एकालाही कपाट उघडताना मी बघितलेलं नाही."

मान डोलावणारे गृहस्थ डोलावायचे थांबले. माझ्या मते हे उत्तर त्या चाळीस पानांत कुठेही नव्हतं.

अकरा वाजून बारा मिनिटांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मुलाखतीची खिडकी दहा पन्नासला सेवेत दाखल झाली होती. वयोमर्यादा अर्धा तास. अपवाद नाही. मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, '११.२० ला ही पण निवृत्त', आणि तो कागद कॅमेऱ्याच्या खालून वर धरला. बायकोने तो वाचला. तिचा आवाज जराही हलला नाही; फक्त उत्तरं आखूड झाली. कीबोर्ड तिच्या पुढ्यात, चेहरा तिघांच्या नजरेत, मी जमिनीवर. मुदतवाढ कुणी द्यायची आणि कशी?

अकरा सोळाला अध्यक्षांनी घसा साफ केला. "माझा एकच प्रश्न आहे. पण तो विचारण्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगतो." पार्श्वभूमी त्यांच्या विद्यार्थिदशेपासून सुरू झाली. अकरा सतराला ते नोकरीला लागले. अकरा अठराला त्यांचा सत्कार झाला. अकरा एकोणीसला दुसरा सत्कार झाला. काका बोटांवर सेकंद मोजत होते. अध्यक्ष म्हणाले, "आणि म्हणूनच मी नेहमी असं म्हणत आलो आहे की—"

पडदा मोकळा झाला. इतका स्वच्छ, एकही खिडकी नसलेला पडदा मी त्या संगणकावर कधी पाहिला नव्हता.

लिंक एकदाच उघडणार होती. आतून सासूबाईंनी विचारलं, "झालं का तुमचं? मी पत्ते लावू?"

बायको उठली, स्वयंपाकघरात गेली आणि घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासू लागली. मी दारात उभा राहिलो. मंडळाला सविस्तर पत्र लिहितो म्हणालो, दोष संपूर्णपणे माझा आहे असं. "दोन लिहाल," ती म्हणाली, "आणि दोन्हींत वेगळं असेल." काका जिन्यात बसले होते. घरी जायला त्यांचा पाय निघत नव्हता.

संध्याकाळी सहाला फोन आला. प्राध्यापिकाबाई. बायकोने फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा. वाईट बातमी एकटीने ऐकायची तिची तयारी नसावी.

"अधिकृत पत्र येईलच," बाई म्हणाल्या. "दोघांच्या मताने तुमची निवड झाली. तिसऱ्यांचं मत काय होतं ते सांगायला नको. अहो, बावीस वर्षं मी त्या गृहस्थांबरोबर समित्यांवर बसते. बावीस वर्षं! त्यांचं वाक्य मध्येच तोडणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. आमचे मान डोलावणारे तर टाळी वाजवणार होते. खरं सांगा, तुम्ही मुद्दाम बंद केलंत ना?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी हळूच उभा राहिलो. गुन्हेगार असो की शास्त्रज्ञ, नाव पुकारल्यावर माणसाने उभं राहावं. शिवाय तीन महिन्यांच्या कामाचं हे पहिलंच जाहीर कौतुक होतं, आणि ते घ्यायला मी तयार होतो.

"पंधरा मिनिटं झाली होती, मॅडम," बायको म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिने मला सांगितलं, "बाहेर एक शब्द बोलायचा नाही." मी बोललो नाही. यादीकाका बोलले. वहिनींनी अध्यक्षांना कसं गप्प केलं, हे त्यांनी चारही मजल्यांवर सांगितलं, आणि त्यात माझा उल्लेख 'हे तेव्हा जमिनीवर बसले होते' एवढाच होता. रात्रीच्या जेवणाआधी मी निमूटपणे जुना व्यवस्थापक परत बसवला. त्याला अकरा मिनिटं लागली.

पुढच्या महिन्यात मंडळाची बैठक झाली, मुख्य ग्रंथपालांची पहिली. त्या दिवशी बायको उशिरा घरी आली, पर्स खुर्चीवर टाकली आणि पाणी प्यायली.

"अध्यक्ष बोलले?" मी विचारलं.

"सुरू झाले. पार्श्वभूमीपासून."

"मग?"

"दुसरा सत्कार आला तेव्हा म्हटलं, सर, पुढचा विषय घेऊ या."

"तू म्हणालीस? अशीच?"

"अशीच."

"त्या खोलीत संगणक होता?"

"नाही," ती म्हणाली, आणि कपाटांच्या कुलपांचा जुडगा पर्समधून काढून टेबलावर ठेवला. "हे भंगारवाल्याला देऊन या."